डाव्या हाताची करंगळी

डेहराडून, ता. ३ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप बाबांच्या चरणी देवरावचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी इकडे सुखरूप पोचलो. तीन गाड्या बदलल्या. शेवटच्या गाडीत एकालाही मराठी येत नव्हते, तेव्हा कळले की आपण फार लांब आलो. तुम्ही रागावून बोलला नाहीत, पण आत्याने बांधून दिलेली ज्वारीची भाकर तीन दिवस पुरली.

हा छापखाना आंधळ्या माणसांच्या पुस्तकांचा. यवतमाळच्या छापखान्यात चार वर्षे अक्षरांचे खिळे जुळवून माझी बोटे काळी झाली होती. इथे शाईच नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी सवयीने राखेने हात घासायला बसलो आणि मग पाहिले तर हात स्वच्छ होते. इथे जस्ताच्या पत्र्यावर ठिपके उठवतात, पत्रा दुमडून त्यात जाड कागद घालतात आणि दाबतात. कागदावर ठिपके वर येतात. सहा ठिपक्यांच्या जागा, कोणते उठले आणि कोणते नाही यावरून अक्षर ठरते. आंधळा माणूस बोट फिरवून वाचतो. मला सध्या पत्रे वाहायचे काम आहे. पत्रे जड आहेत आणि कडा धारदार आहेत.

थंडी फार. इकडे मला सगळे मराठाभाई म्हणतात. तुम्ही ऐकले असते तर पोट धरून हसला असता.

आत्यास नमस्कार. राग ओसरला की चार ओळी लिहाव्या, आणि लेकरावरची माया आटू देऊ नये.

आपला,
देवराव

*

पाटीपुरा, यवतमाळ, ता. २० फेब्रुवारी १९५७

चि. देवराव यास डोमाजी मुनेश्वर याचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र मिळाले आणि पहिल्याच ओळीत अडखळलो. शिरसाष्टांग कोणाला घातलास? चार महिन्यांपूर्वी नागपुरात लाखो माणसांत आपण दोघे खांद्याला खांदा लावून उभे होतो. आठ अंगे धुळीला लावण्यातच आपल्या पिढ्या संपल्या. आता माणसाने माणसाला उभ्याने भेटावे, मग तो बाप का असेना. यापुढे जयभीम लिही.

तुझ्या कामाबद्दल माझे मत बदललेले नाही. ते काम वाईट नाही, पण ते दयेचे आहे, आणि मला दयेचा तिटकारा आहे. इथे धडधाकट डोळ्यांच्या माणसांना हजार वर्षे अक्षर दिसू दिले नाही. त्यांच्यासाठी बोलायला माणूस हवा आणि तू, ज्याला मी कापसाच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधून शिकवले, तो पहाडात जाऊन पत्रे वाहतो. आपल्या घराला प्रेसच लिहिलेली दिसते. बापाची रुई दाबायची, लेकाची कागद दाबायची. वकिली शिकायची असेल तर अजून वेळ गेलेली नाही.

वाचनालयातून फ्रान्सच्या राज्यक्रांतीवरचे पुस्तक आणले आहे. रात्री वाचतो, पण हल्ली कंदिलाची काच फार काळी पडते. तुझ्या आत्याला, रुखमाबाईला, दहा वेळा सांगितले. ती म्हणते, काच लखलखीत हाय, भाऊ, तुलेच कुरकुरायची सवय लागली.

तिचा निरोप, गव्हाच्या पोळ्या खाऊन भाकर विसरू नको, आणि तिकडची गोरी बायको करशील तर तिले आधी भाकर थापता येते का पाहून घे.

राग आहे. माया त्याहून जास्त आहे, हे सांगायला लावू नये.

बाबा

*

डेहराडून, ता. ९ नोव्हेंबर १९५९

ती. बाबांस देवरावचा उभ्याने जयभीम. वि. वि.

आनंदाची बातमी अशी की माझे पत्रे वाहणे संपले. आधी दाबाच्या यंत्रावर होतो, आता पत्र्यावर ठिपके उठवणाऱ्या यंत्रावर बसवले आहे. सहा कळा बोटांनी दाबायच्या आणि पायाने पट्टी मारायची. एक ठिपका जादा पडला तर अक्षर बदलते. मग लहान हातोडीने तो ठोकून बसवावा लागतो.

माझे काम तपासतो अमरसिंग. पंजाबकडचा, जन्मापासून आंधळा, वयाने माझ्याहून थोडा मोठा. त्याचे बोट पानावरून मुंगीसारखे पळते. त्याला मराठीचे ओ की ठो कळत नाही, तो फक्त अक्षरे मोठ्याने म्हणतो आणि मी समोर मूळ पुस्तक धरून पाहतो. चूक सापडली की म्हणतो, मराठाभाई, तुझ्याकडे दोन डोळे जास्त आहेत म्हणून चुका जास्त होतात.

पहिले मराठी पुस्तक तिसरीच्या भूगोलाचे आहे. परवा जिल्ह्यांची यादी आली आणि त्यात यवतमाळ. तो शब्द मी पत्र्यावर उठवला आणि यंत्र थांबवून त्यावरून हात फिरवला. बाबा, इथे माझ्याशी मराठीत बोलणारे हे एवढेच आहे. सुटीच्या दिवशी मी खोलीत मोठ्याने बोलून पाहतो, आवाज तोच आहे का म्हणून.

दोन पत्रांत तुमचे अक्षर ओळीखाली उतरलेले दिसले. कुठे घाईत लिहिलेत काय? चष्मा तपासून घ्यावा.

आपल्या दोन शब्दांची वाट पाहणारा,
देवराव

*

यवतमाळ, ता. १४ जुलै १९६१

चि. देवरावले बाबाचा जयभीम.

माहं मनगट मुरगळलं म्हणून शेजारच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईच्या, विमलताईच्या हातून लिहून राह्यलो. तिले सांगितलं, मी बोलतो तसंच लिही, तुह्या शाळेचं व्याकरण मधात घालू नको. प्रेसमधलं काम मी सोडलं. वय झालं, दुसरं काही नाही. तू काळजी करशील म्हणून आधीच सांगतो, पाय, पोट, दात सारं ठणठणीत आहे.

तुह्या भूगोलाचं कौतुक आहे. पण लेका, नद्या आणि डोंगर पाठ करून कोणी जागं झालं नाही. मी रोज संध्याकाळी चौकात पेपर वाचून दाखवतो. चाळीस-पन्नास माणसं बसतात. परवा आफ्रिकेवर बोललो. सांगितलं, पाहा, तिकडचे काळे लोक उठून राह्यले आणि तुम्ही अजून बिडीले माचीस मागता. लई हसले. मग चूप झाले. मले ते चूप होणं आवडते.

दिवाळीले येतो म्हणतोस, येऊ नको. गाडीभाडं जपून ठेव. इथं पाहण्यासारखं काही नाही.

तुही आठवण काढणारा, पण रडणारा नव्हे,
बाबा

ता. क. हे पुढचे बाबांनी सांगितलेले नाही. मी विमल. देवरावभाऊ, मनगटाला काही झालेले नाही. बाबांना गेल्या दिवाळीपासून दिसत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि उशीर झाला म्हणाले. सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांना पेपर एकदा वाचून दाखवते. संध्याकाळी तोच पेपर हातात धरून ते चौकात शब्दन् शब्द म्हणतात. परवा पेपर उलटा धरला होता. पुढे बसलेल्या किसनरावांनी उठून तो सरळ केला. पन्नास माणसांपैकी कोणी हूं की चूं केले नाही. मला सांगावेसे वाटले म्हणून सांगितले. कृपा करून माझे नाव घेऊ नका.

*

डेहराडून, ता. २ ऑगस्ट १९६१

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

मनगटाला जपावे. इकडे पाऊस आणि काम दोन्ही थांबत नाहीत.

एक अडचण मांडतो. आमच्याकडे मराठी ठिपके तयार होतात, पण ते मराठी माणसाला कळतात का, हे सांगणारा इथे कोणी नाही. अमरसिंग अक्षरे म्हणतो, अर्थ त्याला ठाऊक नाही. तेव्हा एखाद्या जाणत्या, वाचलेल्या माणसाने ही लिपी शिकून आमच्या चुका काढल्या तर उपकार होतील. सोबत मुळाक्षरांची बारा पाने पाठवतो. अंधांच्या लिखाणाला टपालखर्च पडत नाही, म्हणून लाजू नये. डोळे मिटून शिकले तर लवकर येते असा इथला अनुभव आहे. शेजारच्या मास्तरीणबाई कोणते अक्षर कोणते ते सांगतील, मी प्रत्येकाखाली शाईने लिहिले आहे. पानांवर वजन ठेवू नये, एवढे आत्याला सांगावे.

आपला,
देवराव

*

यवतमाळ, ता. ५ सप्टेंबर १९६१

देवराव,

आशीर्वाद मागून. आधी भांडण.

तू मले काय दुधखुळा समजतोस? डोळे मिटून शिकले तर लवकर येते म्हणे! मले दिसत नाही हे तुले समजलं आणि कोणी सांगितलं तेही मले समजलं. ही विमल आता स्वतःच्याच हातानं स्वतःले शिव्या लिहून राह्यली. चुगलखोर हा शब्द लिहिला का, विचारलं, तर म्हणते लिहिला. दोनदा लिही म्हटलं. चुगलखोर. तिच्या नाकाचा आवाज येऊन राह्यला, म्हणजे रडते. बरं झालं.

तुही पानं आली. माह्या हाती पडायच्या आधी रुखमाबाईच्या हाती पडली. तिनं पाहिलं, कागदाले पुरळ उठलं. म्हणाली, पोराचे कागद वाटेत भिजून फुगले. वजन ठेवू नका म्हणून तू लिहिलं होतं, पण पत्र वाचायले विमल संध्याकाळी येणार. तोवर आमच्या बाईनं लोट्यात निखारे भरले आणि सदरा फिरवते तशी बाराच्या बारा पानं इस्त्री करून, घडी घालून, उशाशी ठेवली. मी बोट फिरवलं तर नुसता गुळगुळीत कागद. आता ती कोपऱ्यात बसून आहे. दोन दिवस जेवली नाही. मीच शेवटी म्हटलं, बाई, जेव, तुहा दोष नाही.

विमलनं एक पान पाण्याच्या हातानं कसंबसं उठवून पाह्यलं. ती म्हणते लागते. मले लागत नाही. तुले सांगतो काहून. तीस वर्षं रुईच्या गाठीवर लोखंडी पट्ट्या आवळल्या. माह्या बोटांवर बैलाच्या खुरासारखं कातडं चढलं आहे. निखारा धरला तर उशिरा समजते, तुहे ठिपके कुठून समजतील? आधी म्हणाले, तुमच्या जातीले अक्षर नाही. ते मी झगडून घेतलं. आता माही मेहनतच म्हणते, तुले अक्षर नाही. हिच्याशी कोणत्या सभेत भांडू?

पुन्हा काही पाठवू नको.

बाबा

*

डेहराडून, ता. २८ सप्टेंबर १९६१

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

खोटे लिहिले, चुकलो. विमलताईंना बोलू नये. त्यांनी सांगितले नसते तर मी तुम्हाला आणखी दहा वर्षे चष्मा तपासायला सांगत बसलो असतो.

तुमचे पत्र मी अमरसिंगला हिंदी करून ऐकवले. त्याच्याकडे गिरणीतले, लोहारकीतले आंधळे झालेले कामगार शिकायला येतात. तो म्हणाला, बापाला विचार, पट्टी आवळताना कोणते बोट रिकामे राहायचे. दहाही बोटे कामाला कधीच लागत नाहीत. एखादे आळशी असते. मालकाला जे बोट मिळाले नाही, त्याने वाचायला सांग.

म्हणून तुमची आज्ञा मोडून पुन्हा पाठवतो. या वेळी कागद नाही, जस्ताचा पत्रा. आत्याने भट्टीत घातला तरी बिघडणार नाही. सुटीच्या दिवशी छापखान्यात येऊन खिळा आणि हातोडीने मी त्यावर ठिपके मोठे ठोकले आहेत. आत्याला म्हणावे, मी हसलो, खूप दिवसांनी हसलो.

आता खरे ते लिहितो. मराठी विभाग वेगळा होणार आहे आणि तो मला सांभाळायला सांगतात. होळीपर्यंत हो की नाही कळवायचे आहे. मी नाही म्हणून परत येऊ का? यवतमाळात खिळे जुळवीन, संध्याकाळी तुम्हाला वाचून दाखवीन. इथे मी चार वर्षे बोटांनी वाचायची पुस्तके केली आणि माझ्याच घरातले पुस्तक बंद झाले, हे मनातून जात नाही. तुम्ही म्हणाल तसे करतो. फक्त करंगळीपासून अंगठ्यापर्यंत दहाही बोटे एकदा लावून पाहावीत आणि मगच लिहावे.

आपल्या उत्तरावर सर्व ठेवून,
देवराव

*

यवतमाळ, ता. ११ जानेवारी १९६२

चि. देवरावले जयभीम व आशीर्वाद.

उशीर झाला, कारण खात्री झाल्याशिवाय बोलायची माही सवय नाही.

डाव्या हाताची करंगळी. पट्टी ओढताना डावा पंजा गाठीवर रोवायचा, आणि करंगळी काठाबाहेर राह्यची, नाही तर पट्टीत सापडून तुटली असती. तीस वर्षं तिले जपलं ते कायले, आता समजलं. तिच्यावर कातडं नाही. पोराच्या गालासारखी आहे. बाकीच्या नऊ बोटांनी पत्रा नुसता थंड लागला. ती लागली आणि मी ओरडलो. रुखमाबाई चूल सोडून धावत आली, तिले वाटलं विंचू डसला.

दोन महिने लागले. रेघोटी ओढत जातो, गोगलगायीसारखा. विमल विचारते आणि मी सांगतो. चुकलो की छडी मारीन म्हणते. मारू दे. तिचा तो चुगलखोर शब्द मी मागं घेतो, तसं लिही म्हटलं तर लिहीत नाही, लाजते.

आता तुही गोष्ट. येऊ नको. विभाग घे. मी त्याले दयेचं काम म्हटलं होतं. आज चौकात उभं राहून सांगितलं, डोमाजी चुकला. ज्याले वाचता येत नाही त्याले वाचून दाखवणं ही दया, आणि त्याच्या बोटाखाली अक्षर ठेवणं हा हक्क. तू मले वाचून दाखवायले आलास तर मी तुले दारात उभा करणार नाही. मले वाचून दाखवणारा लेक नको. मले पुस्तक पाहिजे.

आणि पुस्तक म्हणजे पऱ्या-राक्षस नको, भूगोल तर नकोच. राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांचा मराठी तर्जुमा मी भाषणांसाठी करून ठेवला होता, त्या वहीची नक्कल विमल पाठवते. अस्पृश्यता मोडणारं सतरावं कलम आधी कर. तेवढं एक पान असलं तरी पुरे.

तुह्या कामाचा अभिमान ठेवणारा,
बाबा

*

डेहराडून, ता. १८ ऑक्टोबर १९६३

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

हक्कांचा शेवटचा भाग काल टपालात टाकला. आता तुमची वही पूर्ण झाली. साहेबांनी त्याच पत्र्यांवरून आणखी प्रती काढायची परवानगी दिली. नागपूर, पुणे, मुंबई अशा जागी पाठवल्या. कोणीतरी तिकडे तुमची वाक्ये बोटाने वाचत असेल, आणि तुम्ही कोण हे त्याला ठाऊक नसेल.

विभागात आम्ही आता सहा जण आहोत. दोन मुलगे साताऱ्याकडचे आले. मराठी कानावर पडते, पण ते मला साहेब म्हणतात आणि दबकून बोलतात. अमरसिंगची बदली झाली. जाताना त्याने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, मराठाभाई, तू तर म्हातारा झालास. छत्तीस वर्षांचा आहे मी. खोलीवर आलो आणि दिवा न लावता बसून राहिलो.

एक विचारायचे आहे. गेल्या वर्षभराच्या तुमच्या पत्रांत आत्याचा एकही निरोप नाही. ना भाकरीचा, ना बायकोचा. मी विचारले तर तुम्ही दोनदा लिहवले, आहे ती आपल्या जागी. रुसली आहे का? इस्त्रीची थट्टा मी जास्त केली का?

सोबत ठिपके हाताने लिहायची पाटी आणि टोचा पाठवतो. कागद चौकटीत अडकवायचा आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचे, म्हणजे उलटवल्यावर अक्षर सुलटे वाचता येते. सुरुवातीला हात दुखतो. कोणाच्या हातून न लिहवता तुमचे एखादे पत्र आले तर मला सणासारखे होईल. शाईचे सोपे पत्र लिहायला विमलताई आहेतच.

आपल्या हातच्या अक्षराची ओढ असलेला,
देवराव

*

यवतमाळ, डिसेंबर १९६३

(ठिपक्यांनी लिहिलेले)

देवराव, जयभीम.

हे मी लिहितो. चार दिवस लागले. चुका आहेत. हातोडीने बसव.

इथे हे कोणाला वाचता येत नाही. विमललाही बोटाने येत नाही. आज डोळ्यानेही पाहू दिले नाही. म्हणून लिहितो.

आत्या गेली. मागच्या वर्षी, पोळ्याच्या आधी. ताप. तीन दिवस. मी विमलकडून न सांगण्याचे वचन घेतले होते. तू नोकरी टाकून आला असतास. विभाग नवा होता. माझी वही अर्धी होती. मी वही धरली, तुला कळवले नाही. हे माझे पाप. थट्टेचे काही नाही. ती शेवटपर्यंत हसायची.

शेजारची मानीबाई भाकर देऊन जाते. चौकात आता तुझे पुस्तक वाचतो. शंभर माणसे येतात. हक्क म्हणजे काय ते विचारतात. मी सांगतो. टाळ्या पडतात. मग सगळे घरी जातात.

मग मी घरी येतो. कोणी बोलत नाही. मी पान काढून वाचतो. मोठ्याने. कोणी ऐकत नाही. कंदील लावत नाही. कशाला लावू.

सभेत हे बोलता येत नाही. विमलला सांगून लिहवता येत नाही. ती रडते.

नोकरी सोडू नको. लग्न कर, नको करू, तुझे तू पाहा. आठ दिवस ये. भाकर मी थापतो. बरी होते.

माया आहे. उणी कधीच नव्हती.

विमल उद्या शाईचे पत्र लिहील. मी सांगेन तसे. त्यात लिहिले असेल, येऊ नको, भाडे जपून ठेव. ते वाच. आणि ये.

बाबा